तीन हजार बरण्या आणि मुमताजआपाची सही

घाऊक माल मागवताना तुम्ही आधी काय बघता हो? बरणी बघता, की बरणीचा फोटो दाखवणाऱ्याचा कोट? खरं सांगा, लाजू नका. मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा, निळा कोट घातलेला एक माणूस सोलापुरात शुक्रवार पेठेच्या बोळात शिरला आणि पाच शहाण्यासुरत्या बायकांनी घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. त्यातली एक होती मुमताज. तिच्याइतकी संशयी बाई अख्ख्या पेठेत नाही. तीच फसली, म्हणून ही गोष्ट सांगायची.

मुमताज मूळची होटगीची. बाप रेल्वेत गँगमन. एकोणिसाव्या वर्षी मकदूम रिक्षावाल्याशी निकाह लागला, शुक्रवार पेठेत आली, आणि आठव्या दिवशी सासूने मांडीवर सूप ठेवलं. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोरा. तेव्हापासून एकतीस वर्षं ती बीडी वळते आहे. बोटांच्या टोकांवरच्या रेषा कधीच पुसून गेल्या. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन तिला ओळखत नाही. "मला ओळखायला मशीन कशाला पाहिजे, तुला दिसत नाही का मी," असं ती दुकानदाराला दर महिन्याला ऐकवते.

बीडीच्या धंद्यात चोरी कुठे होते, माहीत आहे? पुडक्यात. कारखान्याच्या खिडकीवर कारकून हजार बिड्यांची पानं तोलून बांधून देतो. वर चांगली, हिरवट, हाताएवढी. आत फाटकी, भोकं पडलेली, हात लावला की चुरा होणारी. बाई घरी जाऊन पुडकं सोडते तेव्हा हजाराची पानं आठशेला पुरत नाहीत. उरलेली पदरच्या पैशाने बाजारातून आणायची. संध्याकाळी बिड्या घेऊन गेलं की तपासनीस मूठभर उचलून 'छाट' म्हणून चुरगाळतो, तीही तिच्याच नावावर. कारखान्याचं नुकसान कधी होतच नाही. काय जादू आहे!

मुमताजने पहिल्या महिन्यात एकदा रडून घेतलं. दुसऱ्या महिन्यापासून ती खिडकीसमोरच बसायला लागली. पुडकं तिथंच सोडायचं, पदरावर पसरायचं, पानं उजेडाकडे धरून बघायची, खराब निघाली ती परत खिडकीत सारायची, आणि मग सही. मागे रांग ओरडायची. कारकून म्हणायचा, "ए मुमताज, सोनं घेतेस का गं?"

"सोनं असतं तर तू दिलं असतंस का?"

रांग हसायची. हळूहळू रांगेतल्या बाकीच्या बायकाही पदर पसरायला लागल्या. कारकुनाने बदली मागून घेतली.

पुढे बीडीचं काम आटलं. आठवड्याचे तीन दिवस पानं मिळायची, कधी दोनच. तेव्हा मुमताजने बोळातल्या बीडी वळणाऱ्या चार जणींना जमवून बचत गट काढला आणि शेंगाचटणी सुरू केली. गटात तिच्या खालोखाल चालणारा शब्द वच्छलाचा. वच्छला माढ्याकडची, नवऱ्यामागे शहरात आलेली. हाताला चव अशी की तिने नुसतं मीठ चोळलं तरी माणूस बोटं चाटेल. खमंग भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, आणि कांडप. मिक्सर नाही. चटणी कुटता कुटता दाण्याचं तेल सुटलं पाहिजे, चटणीचा रंग गडद झाला पाहिजे, मूठ मारली की मुठीचा आकार धरला पाहिजे. तेल न सुटलेल्या चटणीला वच्छला 'भुसा' म्हणते.

ही चटणी एका प्रदर्शनात गुरुराज नावाच्या माणसाने खाल्ली. पुण्यात सहा दुकानांची खरेदी तो बघतो. उभ्या उभ्या भाकरीशिवाय चटणी खाऊन तो म्हणाला, "दोनशे ग्रॅमच्या बाराशे बरण्या द्या. पहिला माल नीट आला तर दर महिन्याला बाराशे."

दर महिन्याला! या दोन शब्दांचा अर्थ पाची जणींना सांगावा लागला नाही. त्या खिडकीवर परत जायचं नाही, एवढा तो अर्थ होता. तपासनिसाच्या मुठीकडे बघत उभं राहायचं नाही. मुमताजने त्या रात्री मांडीवरचं सूप भिंतीला टांगलं आणि मकदूमला म्हणाली, "आता याला हात लावला तर हात तोडीन."

"मेरे हाथ क्यों, सूप तेरा है," मकदूम म्हणाला.

आणि इथे कोट आला.

कोटाचं नाव इंद्रजीत. वच्छलाच्या गावाकडच्या, माढ्याच्या रावजींचा मुलगा. रावजी भला माणूस, त्यांचा काही दोष नाही. पोराने पुण्यात सहा महिन्यांचा कसला तरी कोर्स केला, सात रस्ता चौकाजवळ भाड्याच्या खोलीवर 'उद्योग मार्गदर्शन' अशी पाटी लावली आणि महिलांची शिबिरं घ्यायला लागला. स्वतः आयुष्यात काडेपेटी विकलेली नाही. शिबिरात समोसा, प्रमाणपत्र आणि 'तुम्ही करू शकता' एवढं मिळतं. आपण करू शकतो हे बायकांना माहीतच असतं, त्या पहाटेपासून करतच असतात. पण टाळ्या वाजवतात. समोसा खाल्लेला असतो ना.

पुण्याची ऑर्डर आल्याचं ऐकून तो आपणहून आला. मोबाईलवर बरणीचा फोटो दाखवला. काचेची, सहा कोनांची, सोनेरी झाकणाची, मागे फुलं ठेवून काढलेला फोटो.

"आपा, लई झ्याक हाय की," वच्छला म्हणाली. "आपली चटणी यात म्हंजे नवरीच दिसंल."

"मिनिमम तीन हजार घ्यावे लागतील," इंद्रजीत म्हणाला.

"ऑर्डर बाराशेची आहे," मुमताज म्हणाली.

"मावशी, मोठा विचार करा. तीन हजारला रेट कमी पडतो."

"नमुना कुठाय?"

इंद्रजीत हसला. ते हसू मुमताज अजून विसरलेली नाही. लहान पोराने मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातल्यावर हसतात, तसं. "मावशी, ही बीडी नाही. हे पॅकेजिंग आहे. यात स्टँडर्ड असतं. मी टेस्ट केलंय सगळं. दोनशे मिली म्हणजे दोनशे ग्रॅम. मी स्वतः पाणी भरून वजन केलंय. उलटी धरली, थेंब नाही पडला."

पाणी भरून! चटणी कुटणाऱ्या बायकांसमोर बसून तो पाण्याचं वजन सांगत होता. आणि पाच जणींपैकी एकीनेही विचारलं नाही, की बाबा, आम्ही पाणी विकतो का? मुमताजनेही नाही. तिच्या जिभेवर प्रश्न आला होता, पण चौघी त्या फोटोकडे अशा बघत होत्या की तिने तो गिळला. त्या पहिल्या महिन्यानंतर एकतीस वर्षांत पुडकं सोडल्याशिवाय तिने पहिल्यांदा सही केली. अर्धे पैसे आगाऊ गेले. उरलेले माल सोडवताना द्यायचे.

इंद्रजीत तेवढ्यावर थांबेल कसा? बरणी हातात यायच्या आधीच त्याने तीन हजार स्टिकर छापून आणले. त्यावर 'मार्गदर्शक : इंद्रजीत' हे चटणीतल्या जिनसांपेक्षा मोठ्या अक्षरात. शेंगदाणे बारीक, लसूण बारीक, इंद्रजीत ठळक.

पंधरा दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून फोन आला. माल आलाय, बिल्टीची पावती दाखवून सोडवून न्या. पुण्याला चटणी पोचवायला बारा दिवस उरले होते. मुमताजने पिशवीत एक डबा ताजी चटणी घेतली, चमचा घेतला, वच्छलाचा तराजू घेतला, काल आलेला पेपर घेतला, आणि मकदूमच्या रिक्षात बसली. वच्छला शेजारी.

"ये क्या, गोदाम में भाकरी खाने का है क्या?" मकदूमने विचारलं.

"रिक्षा चालव."

गोदामात इंद्रजीत आधीच येऊन उभा होता, कोटासकट. गोदामाचा कारकून मल्लप्पा, अक्कलकोटकडचा, कानावर पेन ठेवून वही पुढे करत म्हणाला, "या अक्का. हितं सही करा की. टेंपोत भरून देतो. मागं दोन गाड्या उभारल्यात."

"एक खोकं फोड."

"सही केल्यावर फोडा की घरी नेऊन."

"सही आधी नाही. फोड."

"अक्का, आजपर्यंत कुणी..."

"आजपर्यंत मी आले नव्हते."

मल्लप्पाने इंद्रजीतकडे बघितलं. इंद्रजीत म्हणाला, "मावशी, उगाच सीन करू नका. लोक बघतायत."

"बघू दे. फुकट आहे."

मल्लप्पाने खोकं फोडलं. बरणी खरंच देखणी होती. मुमताज गोदामाच्या दारात, जिथे सावली संपून ऊन सुरू होतं, तिथं फतकल मारून बसली. पदर पसरला. रिकामी बरणी तोलली. मग चटणी भरली, गळ्यापर्यंत. पुन्हा तोलली. वच्छलाने वजनं बघितली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आपा, ही तर दीडशेबी भरंना!"

"दाबून भरा," इंद्रजीत सावलीतून म्हणाला. "तुम्ही सैल भरताय."

मुमताजने त्याच्याकडे बघितलंही नाही. चमच्याच्या पाठीने दाबलं. पुन्हा भरलं, पुन्हा दाबलं. चांगली कुटलेली चटणी दाबली की काय होतं, हे सोलापुरात शेंबडं पोरगंही सांगेल. तेल वर आलं. बरणीच्या तोंडाशी तेलाचा तांबडा तवंग उभा राहिला आणि तरीही वजन दोनशेला पोचलं नाही. तिने सोनेरी झाकण घट्ट लावलं, बरणी उलटी केली आणि उन्हात कालच्या पेपरावर ठेवली.

"आता?" मल्लप्पाने विचारलं.

"आता बसायचं."

"किती वेळ?"

"पुण्याला जायला लागतो तेवढा."

मल्लप्पा वैतागला, पण त्याने मागच्या गाड्या पुढे घेतल्या. त्यालाही मजा वाटू लागली होती. हमाल तंबाखू मळत येऊन उभे राहिले. इंद्रजीत कोट काढावा की न काढावा या विचारात घामाने भिजला. मकदूमने रिक्षातली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली आणि साळसूदपणे म्हणाला, "साब, पाणी भरून टेस्ट करा."

पहिला डाग अर्ध्या तासात दिसला. रुपयाएवढा. तासाभरात बशीएवढा झाला. पेपरातल्या एका पुढाऱ्याचा चेहरा तेलाने पारदर्शक झाला आणि त्यातून मागच्या पानावरची गाद्यांची जाहिरात दिसायला लागली. मुमताजने झाकण उघडलं. आत पुठ्ठ्याची चकती होती. पुठ्ठ्याची! तेलाच्या पदार्थाला! चकती पिऊन पिऊन फुगली होती. तिने ती नखाने काढून इंद्रजीतच्या तळहातावर ठेवली.

"हे घे स्टँडर्ड."

"ऊन जास्त आहे, मावशी. पुण्यात एवढं ऊन नसतं."

"पुण्याला माल काय हिमालयातून जाणार आहे?"

हमाल हसले. वच्छला मात्र रडवेली झाली होती. "आपा, बारा दिस ऱ्हायलेत. आता काय करायचं? घिऊन जाऊ की. कायतरी करू. झाकणाला मेण लावू, प्लास्टिक गुंडाळू."

"हो ना," इंद्रजीतने लगेच धरलं. "सही करा, माल घ्या, मी बघतो पुढे. परत पाठवला तर आगाऊ पैसे बुडाले. हे तुम्हाला कळत नाही."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. पैसे बुडणार होते, बारा दिवसही बुडणार होते, आणि भिंतीवर टांगलेलं सूप मुमताजच्या डोळ्यांपुढे आलं. मल्लप्पाने वही पुढे धरली होती, त्यात पेन होतं. तिने पेन घेतलं. पण सही केली नाही. खोक्यावरचा पुरवठादाराचा नंबर पेपराच्या कोऱ्या कडेला उतरवला आणि फोन लावला. इतक्या दिवसांत त्या माणसाशी गटातली कुणी एक शब्द बोललेली नव्हती. सगळं कोट बोलत होता.

पलीकडचा माणूस सरळ होता. तेलकट मालासाठी हे झाकण नाहीच, म्हणाला. तुम्ही चटणी भरणार, हे आम्हाला सांगितलंच कुणी? आणि मग म्हणाला, "मॅडम, दोन नमुने तर महिन्यापूर्वी पाठवले होते. तुमच्या सरांच्या पत्त्यावर. माल भरून बघा आणि कळवा, असं लिहूनसुद्धा दिलं होतं."

मुमताजने फोन कानाला तसाच ठेवून इंद्रजीतकडे बघितलं.

"नमुने आले होते?"

"हो, म्हणजे... ऑफिसला आहेत."

"काय करतायत तिथं?"

इंद्रजीतने कोटाच्या बटणाशी चाळा केला. "एकात पाणी भरून बघितलं होतं."

"आणि आता?"

"टेबलावर आहेत. पेनं ठेवलीत."

गोदामात कुणी हसलंसुद्धा नाही. मल्लप्पाच तेवढा हळूच म्हणाला, "अय्यय्यो."

बघा, किती सोपं होतं. एक बरणी बोळात आणून दिली असती, वच्छलाने तीत चटणी भरली असती, रात्रभर उलटी ठेवली असती. समोशाइतकाही खर्च नव्हता. पण बोळातल्या बायकांना काय विचारायचं? त्या काय पॅकेजिंग शिकल्यात? पेनं ठेवायला बरणी मिळाली, साहेबांचं टेबल सजलं, बास.

पुरवठादार पुढे बोलला ते महत्त्वाचं. पोच सही झाली नसेल आणि तपासायला फोडलेलं एक सोडून बाकीची खोकी बंद असतील तर माल बदलून देतो. मोठी बरणी, मऊ अस्तराचं झाकण. फरक आणि जाण्यायेण्याचं भाडं तुमचं. सही झाली की आमचा संबंध संपला.

"सही नाही झाली," मुमताज म्हणाली. "आणि बदलून पाठवायच्या आधी दोन नमुने माझ्या पत्त्यावर. माझ्या. लिहून घ्या."

मग तिने गुरुराजला फोन लावला. प्रदर्शनानंतर त्याच्याशीही कोटच बोलत होता. ती आडपडदा न ठेवता म्हणाली, "बरणी गळते. गळका माल मी पाठवणार नाही. मला वीस दिवस पाहिजेत."

गुरुराज म्हणाला, "सहा कोनांची बरणी मी मागितली नव्हती हो. मला वजन बरोबर पाहिजे आणि फडताळावर तेल नको. वीस दिवसांनी द्या, पण पहिल्या खेपेला सहाशेच घेईन. बाराशेचं नंतर बघू."

झालं ते असं. पूर्ण जीत नाही, पूर्ण हारही नाही. मल्लप्पाने वहीत 'माल तपासला, न स्वीकारता परत' असं लिहिलं आणि त्याखाली मात्र मुमताजने सही केली, सावकाश, पूर्ण नावाने. नमुने आले. पाची जणींनी ते आपल्या चटणीने भरून तोलले आणि तीन दिवस पत्र्यावर उन्हात उलटे ठेवले. पेपर कोरडा राहिला तेव्हा होकार कळवला. सहाशे बरण्या पुण्याला गेल्या, एकही गळली नाही. दुसऱ्या महिन्यापासून बाराशे जायला लागल्या.

पण मधलं भाडं आणि फरक कुठून भरला, ते कुणी विचारत नाही. मुमताजने भिंतीवरचं सूप काढलं. पाची जणी सहा आठवडे पुन्हा त्या खिडकीवर उभ्या राहिल्या, पदर पसरून, तपासनिसाच्या मुठीकडे बघत. इंद्रजीतच्या हसण्याची किंमत हजार हजार बिड्यांनी फेडली. मकदूम एका शब्दाने चेष्टा करायला गेला आणि तिचं तोंड बघून परत रिक्षात जाऊन बसला.

तीन हजार स्टिकरचं काय झालं? नवीन बरणीला ते बसतच नव्हते. वच्छलाच्या न्हाणीघराचं दार तडकलं होतं, तिथं ओळीने चिकटवलेत. आंघोळीला जाणाऱ्याला रोज मार्गदर्शन मिळतं.

आणि इंद्रजीत? त्याने गोदामाच्या दारात काढलेला फोटो सोशल मीडियावर टाकला, मागे खोकी, पुढे बसलेली मुमताज, खाली ओळ : 'आमच्या मार्गदर्शनाखाली महिला गटाची पुण्यात झेप.' चारशे जणांनी लाइकचे अंगठे दिले. मुमताजच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत, पण त्या चारशेंच्या डोक्यात काय उरलंय, हा प्रश्नच आहे. पुढच्या महिन्यात त्याची तीन शिबिरं आहेत, तालुक्याच्या गावी. समोसा आहेच.

त्यातलं एक तुमच्या गावी असेल. तुम्ही जाल, पहिल्या रांगेत खुर्ची मिळेल, तो मोबाईलवर बरणीचा फोटो दाखवेल. माझं एवढंच ऐका. टाळी वाजवायच्या आधी उठून उभ्या राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा : साहेब, आमच्या नमुन्याच्या बरणीत तुम्ही पेनं तर ठेवली नाहीत ना? आणि ती बरणी तुमच्या हातात पडेपर्यंत, तुमच्या मालाने भरून उलटी ठेवून होईपर्यंत, कुठेही सही करू नका.